दहा कामट्या, पाच टेकू

पत्र्याचं एक पिंप आडवं बसवलेलं असतं. त्याच्यावर रांगेनं टेकलेले असतात केसांत खोचायचे साधे आकडे, एक-दोन नव्हे, शेकड्यांनी. प्रत्येक आकड्यामागून एक वायर निघते आणि वर कुठल्यातरी दिव्यांपर्यंत जाते. पिंपाच्या अंगावर ठरावीक जागी कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावलेले. बाजूला उभा असलेला माणूस हातानं पिंप फिरवू लागतो. आकडा उघड्या पत्र्यावर आला की वीज वाहते, दिवे लागतात. आकडा चिकटपट्टीवर चढला की वीज तुटते, दिवे विझतात. एवढंच. पण असे शेकडो आकडे एकदम चढ-उतार करू लागले की वीस फूट उंचीचा एक गोल कंदील गाण्याच्या तालावर उमलतो, मिटतो आणि जागच्या जागी भिंगरीसारखा फिरतोय असा भास होतो.

हे पिंप फिलिपिन्समधल्या पाम्पांगा प्रांतात, सॅन फर्नांडो शहरात फिरतं. नाताळाआधीच्या एका शनिवारी तिथं राक्षसी कंदिलांची स्पर्धा भरते. तिथल्या कापाम्पांगान भाषेत तिला ‘लिगलिगान परुल’ म्हणतात, म्हणजे कंदिलांची चढाओढ. शहरातल्या वाड्या-वस्त्या, ज्यांना तिथं ‘बारांगाय’ म्हणतात, आपापला कंदील घेऊन उतरतात. एकेका कंदिलात हजारो दिवे असतात, मागे ट्रकवर जनरेटर असतो आणि त्याच्या शेजारी हा पिंपवाला. गणेशोत्सवातल्या आपल्या मंडळांची ईर्ष्या ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या रात्रीचं वातावरण वेगळं समजावून सांगायला नको.

मोठ्या कंदिलाचं कौतुक जगभर होतं. पण तो एका लहान, फूट-दोन फुटांच्या चांदणीचा नातू आहे. ती चांदणी बांबूची आणि कागदाची असते, आणि ती करायला आजही माणसं टेबलाभोवती जमतात. हा लेख खरं तर तिच्यासाठी आहे.

या चांदणीचं नाव पारोल. स्पॅनिशमध्ये कंदिलाला ‘फारोल’ म्हणतात. टागालोग भाषेत मुळात ‘फ’ नव्हता, म्हणून ‘फिलिपिनास’चं जसं ‘पिलिपिनास’ झालं तसा ‘फारोल’चा पारोल झाला. स्पॅनिश शब्दाचा माग काढत गेलं तर आपण अलेक्झांड्रियाच्या प्राचीन दीपस्तंभापाशी, ‘फॅरोस’पाशी पोचतो. आणि आपला ‘कंदील’? तो अरबी ‘किंदील’वरून आला आणि अरबीत गेला तो लॅटिन ‘कँडेला’वरून. थोडक्यात, मनिलातला माणूस खिडकीत जे टांगतो आणि गिरगावातला माणूस गॅलरीत जे टांगतो, त्या दोन्हींची नावं भूमध्य समुद्राकाठून निघालेली आहेत. वस्तू मात्र दोन्हीकडे आपापल्या मातीतली, म्हणजे बांबूची.

स्पॅनिश लोक १५६५ पासून फिलिपिन्समध्ये ठाण मांडून बसले ते १८९८ पर्यंत. त्यांच्याबरोबर कॅथलिक धर्म आला, नाताळ आला आणि नाताळाआधीच्या नऊ दिवसांची प्रार्थना आली. १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे, अंधार असतानाच, मिस्सा होते. तिला ‘सिंबांग गाबी’ म्हणतात. शब्दशः अर्थ रात्रीची मिस्सा. ती पहाटे का, याचं कारण देवापेक्षा भातशेतीत सापडतं: ऊन चढायच्या आत लोकांना बांधावर पोचायचं असे. कार्तिकात काकडआरतीला जाणाऱ्यांना ही पहाट ओळखीची वाटेल. चर्चच्या वाटेवर दिवा हवा, आणि उघडी ज्योत वाऱ्यानं विझते, म्हणून तिच्याभोवती कागद. तीन ज्ञानी माणसांना बेथलेहेमची वाट दाखवणाऱ्या ताऱ्याची कथा सगळ्यांना पाठ होतीच. तेव्हा कागदाला आकार ताऱ्याचा मिळाला. पाच टोकं आणि खालच्या दोन टोकांना लोंबणाऱ्या झिरमिळ्या, हे पारोलचं नेहमीचं रूप.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा बिबिंका आणि बांबूच्या नळीत वाफवलेलं जांभळं पुतो बुंबोंग विकायला असतं. पहाटे उठायला ताऱ्याइतकाच या वासाचाही उपयोग होत असणार.

फिलिपिन्सचा नाताळ लांबलचक असतो, हेही इथंच सांगितलं पाहिजे. ज्या महिन्यांच्या नावाच्या शेवटी ‘बर’ येतं ते सगळे नाताळाचे, असा तिथला हिशेब. १ सप्टेंबरला रेडिओवर आणि दुकानांत नाताळाची गाणी सुरू होतात. त्यामुळे कंदील करायला चार महिने मिळतात. पाम्पांगातल्या मोठ्या कंदिलांना ते पुरेही पडत नाहीत.

या मोठ्या कंदिलांची सुरुवात सॅन फर्नांडोत झालेली नाही. शेजारचं बाकोलोर हे गाव १९०४ पर्यंत पाम्पांगाची राजधानी होतं. तिथं नाताळाआधीच्या नऊ रात्री प्रत्येक वस्तीतून एक मिरवणूक निघे. तिला ‘लुबेनास’ म्हणत. लोकांच्या हातांत दोन-दोन फुटांचे कंदील असत. २४ डिसेंबरच्या रात्री सगळ्या वस्त्यांच्या मिरवणुका मुख्य चर्चपाशी एकत्र येत. इतक्या रात्री वेगवेगळे चाललेले लोक शेवटी समोरासमोर आले की काय होणार? प्रत्येक वस्तीला वाटू लागलं की आपला कंदील इतरांपेक्षा उठून दिसावा. मग घराघरातून वर्गणी गोळा झाली आणि वस्तीचा म्हणून एकच मोठा कंदील तयार होऊ लागला. राजधानी सॅन फर्नांडोला हलली, तशी ही चालही तिकडे गेली. पाच टोकांच्या पारोलचं श्रेय पाम्पांगातल्या फ्रान्सिस्को एस्तानिस्लाओ या कारागिराला देतात. त्यानं १९०८ मध्ये बांबू आणि जपानी कागदाचा कंदील करून त्यात कार्बाइडचा दिवा ठेवला, असं मानतात.

वीज आली आणि खेळ बदलला. १९३१ ची पहिली स्पर्धा मॅन्युएल केझोन यांच्या सन्मानार्थ भरवली गेली, अशी सॅन फर्नांडोची परंपरा सांगते. केझोन तेव्हा सिनेटचे अध्यक्ष होते, राष्ट्राध्यक्ष ते चार वर्षांनी झाले. जवळच्या आरायात डोंगराच्या पायथ्याशी ते विश्रांतीला येत. त्या काळात कंदिलातल्या प्रत्येक दिव्याला स्वतंत्र बटण असे आणि बँड वाजत असताना माणसं ती बटणं तालावर दाबत आणि सोडत. कल्पना करा: समोर हजारोंची गर्दी, मागे घामाघूम झालेली दहा-बारा पोरं, आणि एकाचा ताल चुकला की अख्खा कंदील बेसूर.

१९५० च्या दशकात त्याच एस्तानिस्लाओंचा नातू रोदोल्फो डेव्हिड यानं बटणांच्या जागी पिंप आणलं. मला या शोधाचं अतोनात अप्रूप आहे. चिकटपट्टी कुठं लावायची, किती लांब लावायची, यात सगळं गाणं लिहिलेलं असतं. लांब पट्टी म्हणजे लांब अंधार, आखूड पट्टी म्हणजे लुकलुक, एका ओळीतल्या पट्ट्या जरा जरा सरकवत नेल्या की प्रकाश कंदिलाच्या कडेनं धावू लागतो. जुन्या वाजत्या पेटीत गोल दांड्यावरच्या टोचण्या जसा सूर ठरवतात, तशी इथं पट्टी दिवा ठरवते. फरक एवढाच की वाजत्या पेटीचं गाणं कारखान्यात ठरून येतं, इथं ते दरवर्षी नव्यानं चिकटवतात. ज्या माणसानं कधी संगणकाला हात लावला नाही तो इथं पत्र्यावर आज्ञावली लिहितो, आणि चूक झाली तर नखानं सोलून काढतो.

१९९१ च्या जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेवर पाऊस पडला की चिखलाचे लोंढे उतरत. त्यांना लाहार म्हणतात. ऑक्टोबर १९९५ मधल्या लाहारनं बाकोलोर गाडलं गेलं. तिथलं सॅन गिलेर्मो चर्च निम्म्या उंचीपर्यंत चिखलात बुडालं. आज लोक त्या चर्चमध्ये जिथून शिरतात त्या एके काळच्या खिडक्या आहेत. जिथून कंदिलांची मिरवणूक निघाली ते गावच जमिनीखाली गेलं. कंदील तोवर शेजारी गेले होते, म्हणून वाचले.

मोठ्या कंदिलांबद्दल एक तक्रार मात्र नोंदवतो. एकेका कंदिलाला आता लाखो पेसो लागतात. पोलादी सांगाडा, वेल्डर, वायरमन, रंगीत प्लास्टिक, जनरेटर. वर्गणीत भागत नाही, म्हणून प्रशासनाचं अनुदान आणि कंपन्यांच्या जाहिराती येतात. कौशल्य थोर आहे, पण बहुतेक लोक आता त्याचे प्रेक्षक झाले आहेत. लहान पारोलला प्रेक्षक नसतात. तो हातात घ्यावाच लागतो.

तर तो करतात कसा?

दहा कामट्या घ्यायच्या, सगळ्या सारख्या लांबीच्या. समजा ६० सेंटिमीटर. पाच कामट्यांची एक चांदणी, पाचांची दुसरी. शाळेत पेन्सिल न उचलता काढतो तीच ही चांदणी. तिच्यात प्रत्येक रेघ दुसऱ्या दोन रेघांना छेदते, आणि ते छेद कुठंही पडत नाहीत. ६० सेंटिमीटरच्या कामटीवर ते दोन्ही टोकांपासून साधारण २३ सेंटिमीटरवर येतात आणि मधे १४ उरतात. हे प्रमाण भूमितीतलं सुवर्ण गुणोत्तर आहे. पारोल करणाऱ्या आज्यांना त्याचं नाव माहीत असायची गरज नसते. त्या फक्त कामट्या सरकवत राहतात आणि पाचही टोकं सारखी दिसू लागली की दोरा आवळतात. तुम्हा-आम्हांला मात्र पट्टी आणि पेन्सिल घेऊन आधी खुणा केल्या तर अर्धा तास वाचतो. कामट्या एकीवरून, दुसरीखालून अशा विणत गेलं की चांदणी दोरा बांधायच्या आधीच अंग धरते.

आता दोन सपाट चांदण्या एकमेकींवर ठेवायच्या आणि त्यांची पाचही टोकं बांधायची. इथपर्यंत एकट्यानं जमतं. पुढं जमत नाही. कारण आता दोन्ही चांदण्यांच्या मधल्या पंचकोनाचे कोपरे एकमेकांपासून दूर ढकलून त्यांच्यामध्ये पाच लहान काड्या, म्हणजे टेकू, उभे करायचे असतात. कामट्या वाकतात, चांदणीला पोट येतं, सपाट आकृतीचा कंदील होतो. टेकू फार लांब असले तर टोकं तटतटा तुटतात, फार आखूड असले तर चांदणी चपटीच राहते. एकानं दोन्ही बाजू ताणून धरायच्या, दुसऱ्यानं टेकू बसवायचा, तिसरा असला तर त्यानं दोरा गुंडाळायचा. दुसरा टेकू बसवताना पहिला निसटतो. चौथा बसवताना तिसरा. पाचवा जागेवर गेला की मात्र सगळे एकमेकांना दाबून धरतात आणि काही हलत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या कंदिलातून उरलेल्या कामट्या घेऊन मी भाच्याबरोबर पारोल करायला बसलो. चार कामट्या मोडल्या. पाचवी मोडली तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, तुझ्या हातात काहीतरी गडबड आहे.” गडबड हातात नव्हती. कामट्या वर्षभर माळ्यावर पडून खडखडीत वाळल्या होत्या. आमच्या आजीनं त्या आदल्या रात्री भिजत घातल्या असत्या. हे मला ठाऊक होतं, पण जे नुसतं ठाऊक असतं ते ऐन वेळी आठवत नाही.

सांगाडा झाला की कागद. नीट मोजलं तर एका पारोलला बावीस तुकडे लागतात: पुढच्या बाजूला पाच त्रिकोण आणि एक पंचकोन, मागे तेवढेच, आणि पाच टोकांच्या दोन-दोन कडा मिळून दहा. जुना कागद म्हणजे ‘पापेल दे हापोन’, शब्दशः जपानी कागद, आपल्या पतंगाच्या कागदासारखा पातळ. खळ लावून तो चिकटवायचा, वाळला की ताठ होतो. झिरमिळ्या कातरायच्या. आत पूर्वी मेणबत्ती किंवा तेलाची पणती असे, आता विजेचा दिवा. फिलिपिन्समध्ये शाळेत असताना पारोल केला नाही असं मूल विरळा. डिसेंबर जवळ आला की शिक्षक तो गृहपाठ म्हणून देतात, आणि आपल्याकडे ‘प्रकल्प’ जसे आई-बाबा करतात तसेच तिथंही रात्री जागून तो बापच करतो, अशी कुजबुज आहेच. वस्त्यांच्या स्पर्धांत आता टाकाऊ वस्तूंचे पारोल असतात: शीतपेयांच्या नळ्या, बाटल्यांचे तळ, गोळ्यांचे चांदीचे कागद. तुरुंगांतही कैदी पारोल करतात आणि ते नाताळात विकले जातात.

कागदाचा एक श्रीमंत भाऊ आहे: कापिस. ही एका चपट्या शिंपेची जवळजवळ पारदर्शक कवचं, तळहाताएवढी. शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा. फिलिपिन्समधल्या एका प्रांताचं नावही कापिस आहे. कवचं कापून, धातूच्या पट्टीत बसवून त्यांचे तारे करतात. उजेड त्यातून दुधासारखा येतो, पावसानं हा कंदील विरघळत नाही. स्पॅनिश काळात मनिला आणि व्हिगानच्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी हीच कवचं लावत.

आणि इथं मराठी-कोकणी वाचकाला थबकावं लागतं, कारण गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांनाही हीच शिंप आहे. पोर्तुगीज राजवटीत काच महाग आणि दुर्मीळ होती. खाडीत ही शिंप मिळे. लाकडाच्या लहान लहान चौकटींत ती ओवून खिडक्या होत. भर दुपारी अशा खोलीत बसलं तर ऊन गाळून आल्यासारखं वाटतं. झुआरी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत ही शिंप आजही सापडते. भारतात ती कायद्यानं संरक्षित आहे, आणि ते योग्यच आहे, कारण उपसून उपसून ती कमी झाली. दोन साम्राज्यं, दोन किनारे, एकच शिंप. फिलिपिन्सवाल्यांनी खिडकीचा तुकडा उचलून कंदिलाला लावला. गोव्यात तो खिडकीतच राहिला.

गोव्यात नाताळाचा तारा आहेच. कोकणीत त्याला ‘नखेत्र’ म्हणतात. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, पाच टोकं. दारासमोर गव्हाणी मांडायची आणि वर नखेत्र टांगायचं. त्याच गावात महिना-दीड महिना आधी शेजारच्या हिंदू घरावर आकाशकंदील लागलेला असतो, तोही कामट्यांचा. वसईच्या गावांतही नाताळात चांदणीचे कंदील लागतात. कामट्या तासणाऱ्याला देव वेगळे असल्याचा पत्ता लागत नाही. माहीमच्या कंदील गल्लीत उभं राहिलं तर दिवाळीसाठीच्या कंदिलांत चांदण्या कितीतरी दिसतात.

आता कंदिलाच्या त्या टेबलाकडे जाऊ, जिथं हे सगळं शिकवलं जातं. त्यासाठी मी मनिला निवडत नाही. सॅन फ्रान्सिस्को निवडतो, कारण तिथं कार्यशाळेला आणखी एक काम करावं लागलं.

१९२० आणि ३० च्या दशकांत हजारो तरुण फिलिपिनो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतांत आणि मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यांत मजुरीला गेले. अनेक ठिकाणी गोऱ्या स्त्रीशी लग्न करायला कायद्यानं बंदी होती, फिलिपिनो बायका तिथं जवळजवळ नव्हत्या. ते एकटेच म्हातारे झाले. त्यांना आदरानं ‘मनोंग’ म्हणतात. इलोकानो भाषेतला हा शब्द म्हणजे आपला ‘दादा’. सॅन फ्रान्सिस्कोत केर्नी रस्त्यालगतच्या मनिलाटाउनमध्ये, इंटरनॅशनल हॉटेलच्या एकेका खोलीत असे अनेक दादा राहत. जागा विकासकांना हवी होती. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलिसांनी, बाहेर हजारो लोक हातात हात गुंफून उभे असताना, त्यांना बाहेर काढलं. इमारत पुढे पाडली गेली आणि त्या जागी नवी उभी राहिली ती २००५ मध्ये.

शहराच्या मार्केट रस्त्याच्या दक्षिणेला सोमा नावाचा भाग आहे. १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर फिलिपिनो कुटुंबं तिथं आली. तिथंही पुनर्विकासाचा बुलडोझर फिरला. नंतर आणखी काही म्हातारे आले: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या झेंड्याखाली लढलेले फिलिपिनो सैनिक. अडीच लाखांहून अधिक फिलिपिनो त्या युद्धात अमेरिकेच्या बाजूनं लढले. १९४६ मध्ये अमेरिकन संसदेनं त्यांचे बहुतेक लाभ काढून घेतले. १९९० च्या कायद्यानं नागरिकत्व मिळालं, भरपाईची एकरकमी रक्कम मिळाली ती २००९ मध्ये, तोवर बरेचसे वारले होते. सोमातल्या गल्ल्यांना माबिनी, बोनिफासिओ, लापु-लापु, रिसाल अशी फिलिपिनो वीरांची नावं आहेत. नावं पाटीवर, माणसं भाड्याच्या खोलीत.

इथं २००३ मध्ये पारोल मिरवणूक सुरू झाली. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी लोक स्वतः केलेले पारोल घेऊन मिशन रस्त्याच्या परिसरात निघतात. जवळच सेंट पॅट्रिक चर्च आहे. एके काळी आयरिश लोकांचं, आता त्याच्या बाकांवर फिलिपिनो मोठ्या संख्येनं बसतात. बाकोलोरची लुबेनास आणि ही मिरवणूक यांत पॅसिफिक महासागर आहे, पण रचना तीच: अंधारात, हातात कंदील, चर्चच्या दिशेनं, वस्तीनं मिळून.

मिरवणुकीआधीचे काही आठवडे कार्यशाळा चालतात. मिशन रस्त्यावरच्या बायानिहान केंद्रासारख्या जागी टेबलं मांडली जातात. ‘बायानिहान’ हा शब्दही ऐकून ठेवण्यासारखा. फिलिपिन्सच्या खेड्यांत बांबूचं अख्खं घर उचलून दुसरीकडे न्यायचं असलं की गावातले वीस-पंचवीस गडी खाली बांबूचे वासे घालून ते खांद्यावर घेत. त्याला बायानिहान म्हणतात. आपली इर्जिक आठवावी. ज्या लोकांना घरातून उचलून बाहेर काढलं, त्यांनी आपल्या केंद्राला घर उचलून नेण्याच्या चालीचं नाव द्यावं, यात जाणूनबुजून काही आहे असं मला वाटतं.

अशा टेबलावर काय होतं? स्वयंसेवकांनी कामट्या आधीच कापून, दहा-दहाच्या जुड्या बांधून ठेवलेल्या. बांबू मिळाला नाही तर मांस भाजायच्या लांब काड्यांवरही भागवतात. दोऱ्याऐवजी रबरबँड, पापेल दे हापोनऐवजी झिरझिरीत रंगीत कागद, मेणबत्तीऐवजी एलईडीची माळ. एक मूल, जे अमेरिकेतच जन्मलं आणि ज्याला टागालोगचे चार शब्द येतात, आणि एक म्हातारा, ज्याच्या बोटांना आता सुईत दोरा ओवता येत नाही पण कामटी किती वाकेल हे अजून कळतं. मूल दोन्ही चांदण्या ताणून धरतं, म्हातारा टेकू बसवतो. किंवा उलट. एका हातानं हे होत नाही, हे वर सांगितलंच. कागद चिकटवायची वेळ येईपर्यंत दोघांचं काहीतरी बोलणं झालेलं असतं, बहुधा त्याच्या गावातल्या डिसेंबरबद्दल. मूल त्यातलं निम्मं विसरेल. निम्मं पुष्कळ झालं.

चांदणी कशी करायची हे दहा मिनिटांची चित्रफीत बघूनही शिकता येतं. तरीही त्या टेबलाशी लोक येतात, कारण चित्रफीत दुसरी बाजू धरत नाही. कामट्यांना भोकं पाडून, कागद आधीच कापून, डब्यात भरून विकायला येणारे तयार संच मला म्हणूनच फारसे आवडत नाहीत. त्यांच्यात टेकू आपोआप बसावेत अशी सोय असते. ज्या क्षणी दुसरा माणूस लागायचा तोच क्षण त्यांनी वाचवला. थंड देशांत, दूरच्या गावात, जिथं फिलिपिनो घर एकच असतं, तिथं असा संचही आधार ठरतो हे मान्य. पण चार घरं असतील तर डबा बाजूला ठेवावा.

कंदिलांना राजकारणाचंही वावडं नाही. मनिलाजवळच्या डिलिमानमध्ये, ज्या शहराला केझोन यांचंच नाव आहे तिथं, फिलिपिन्स विद्यापीठाची कंदील-मिरवणूक निघते, तिची परंपरा १९३० च्या दशकापासूनची आहे. तिथं विद्यार्थी आठवडाभर रात्री जागून प्रचंड कंदील करतात आणि त्यातून सरकारची खिल्ली उडवतात. राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या काळातही कंदील बोलले. सोमातल्या पारोलवर घोषणा नसतात. पण ज्या रस्त्यांवरून वस्ती हटवली गेली त्याच रस्त्यांवर वर्षातून एक रात्र तीच वस्ती शे-दीडशे तारे घेऊन सावकाश चालते, त्याला आणखी घोषणा कशाला? २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं या भागाला ‘सोमा पिलिपिनास’ या नावानं फिलिपिनो सांस्कृतिक वारसा परिसर म्हणून मान्यता दिली.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही दिवाळीआधी एका रविवारी आकाशकंदील करायला मुलं जमतात. तिथं आपल्याकडून होणारी चूक मी दोन-तीनदा पाहिली आहे: कंदील लवकर व्हावा म्हणून मोठी माणसं सांगाडा घरून करून आणतात आणि मुलांना फक्त कागद चिकटवायला देतात. कागद चिकटवणं कुणालाही जमतं. सांगाडा मुलांना द्यावा. कामट्या मोडू द्याव्यात, जास्तीच्या वीस आणून ठेवाव्यात.

या वर्षी नाताळाआधी कुणाला पारोल करून बघायचा असेल तर दहा कामट्या ६० सेंटिमीटरच्या, पाच टेकू साधारण १० सेंटिमीटरचे, पतंगाचे तीन-चार कागद, दोऱ्याचं एक रीळ, घरची खळ आणि एक शेजारी, एवढं पुरे. खुणा २३, १४, २३. आणि कामट्या आदल्या रात्री पाण्यात घाला.